जमीन गेली तर मोबदला, हुन्नर गेला तर उपदेश

"काळाबरोबर बदला, नवीन कौशल्यं शिका, नाहीतर संपाल." हे वाक्य आजकाल कुठंही ऐकू येतं. बक्षीस समारंभाचे पाहुणे सांगतात, रविवारच्या पुरवणीत कुणीतरी लिहितं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ जिलबी खाता खाता सांगतात. सांगणाऱ्याला बहुतेक वेळा पक्की नोकरी असते, नाहीतर पेन्शन असते. मलाही पेन्शन आहे. म्हणूनच मी हे वाक्य कुणाला ऐकवत नाही.

या उपदेशाच्या पोटात एक आरोप दडलेला असतो, तो आधी बाहेर काढते. ज्याचं काम गेलं तो कमी शिकलेला होता, आळशी होता, बदलायला तयार नव्हता, असा तो आरोप. आमच्या शहराचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. इथं जे सगळ्यांत आधी संपले ते सगळ्यांत जास्त कसबी होते. आणि माझं पुढचं म्हणणं असं, की कसब ही माणसाची मालमत्ता आहे. शेतकऱ्याची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी घेतली तर त्याला मोबदला देतात. मग सगळ्यांच्या प्रगतीपायी ज्याचा हुन्नर निकामी झाला, त्याला नुसता उपदेश का? हे ऐकून लोक हसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. नाव २०२३ साली बदललं, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात औरंगाबादच येतं, तेवढं चालवून घ्या. इथलं हिमरू एकेकाळी नावाजलेलं होतं. ताणा सुती, बाणा रेशमी, आणि त्यावर किनखापासारखी दाट वेलबुट्टी. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर हे विणकर आले, असं इथं सांगतात. जुन्या पद्धतीच्या मागावर वर एक मदतनीस बसलेला असे. नक्षीच्या प्रत्येक ओळीला कोणते दोरे उचलायचे ते 'जाळ्या'त बांधून ठेवलेलं असे. वरच्याने ते जुडगे ओढायचे आणि खाली बसलेल्या उस्तादाने धोटा टाकायचा. जाळं बांधणारा नक्षाबंद हा आणखी वेगळा कारागीर. फूल कागदावर नाही, तर दोऱ्यांच्या हिशेबात डोक्यात ठेवायचं! वर्गातल्या गणितात पहिल्या येणाऱ्या पोरांनाही हे चटकन जमलं नसतं.

हे लोक अडाणी म्हणून संपले का? धनंजयराव गाडगीळांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक १९२४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालं. शहरी हस्तव्यवसाय का मोडले याची तीन कारणं त्यांनी दिली आहेत. राजेरजवाड्यांचे दरबार गेले, परक्या राज्यामुळे लोकांच्या आवडी बदलल्या, आणि यंत्राच्या मालाची स्पर्धा आली. गाडगीळ हिमरूबद्दल बोलत नव्हते, पण आमच्या हिमरूला ही तिन्ही कारणं लागू पडतात, थोडी उशिरा इतकंच. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं, त्यामुळे शेरवानीचं गिऱ्हाईकही तोवर टिकलं. मग दरबार गेला, शेरवानीच्या जागी बुशशर्ट आला, आणि यंत्रमाग आला. जाळ्यात बांधलेली नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरवण्याची युक्ती फ्रान्समध्ये जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सिद्ध केली होती. वरच्या मदतनिसाचं काम पुठ्ठ्याने केलं, उस्तादाचं काम विजेने. आज शहरात पर्यटकांना हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींपैकी पुष्कळ यंत्रमागावरच्या असतात, आणि हातमागावर हिमरू विणणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत.

या तिन्ही कारणांत विणकराचा दोष कुठं आहे ते मला दाखवा. दरबार त्याने बुडवला नाही, फॅशन त्याने बदलली नाही आणि यंत्र त्याने आणलं नाही.

इंग्लंडातही हेच झालं होतं. 'लडाइट' हा शब्द आपल्याकडे सुशिक्षित लोक शिवीसारखा वापरतात. संगणकाला घाबरणारा तो लडाइट. प्रत्यक्षात १८११ ते १८१६ या काळात यंत्रं फोडणारे ते लोक मोजे विणणारे, लोकरीचं कापड कातरून गुळगुळीत करणारे पट्टीचे कारागीर होते. वर्षानुवर्षं उमेदवारी करून शिकलेलं काम हलक्या मजुरीवर, न शिकलेल्या हातांकडून करून घेतलं जात होतं, हे त्यांचं दुखणं होतं. त्यावर पार्लमेंटने १८१२ साली उत्तर काय दिलं? यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद! लॉर्ड बायरन हा कवी उमरावांच्या सभागृहात त्या कायद्याविरुद्ध बोलला, पण कायदा झालाच. यंत्राची किंमत सगळ्यांना कळत होती, हातातल्या कसबाची कुणी धरली नाही.

आता मास्तरणीच्या सवयीने फळ्यावर मांडून सांगते. कामगारांची तीन बाकं करा. पहिल्या बाकावर इंजिनिअर, डॉक्टर, हिशेबतपासनीस, कारखान्याचे व्यवस्थापक. मधल्या बाकावर विणकर, टर्नर, छापखान्यात खिळे जुळवणारा, टंकलेखक, कारकून. शेवटच्या बाकावर हमाल, झाडूवाली, पहारेकरी, बांधकामावरची बाई. आपल्याला वाटतं, यंत्र येतं आणि शेवटच्या बाकावरच्यांना उठवतं. पण तसं होत नाही. एखादं काम शिकायला माणसाला किती वर्षं लागली, हे यंत्र विचारत नाही. काम नियमांत लिहून देता येतं का, एवढंच ते विचारतं. हिमरूची नक्षी नियमांत लिहिता आली, म्हणून ती पुठ्ठ्यावर गेली. खिळे जुळवणं लिहिता आलं, म्हणून ते संगणकाच्या पडद्यावर गेलं. जिना झाडणं, वरच्या मजल्यावर विटा नेणं, म्हातारीला कुशीवर वळवणं हे अजून यंत्राला धड लिहून देता येत नाही. म्हणून मधलं बाक रिकामं होतं. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २००३ च्या सुमारास हे आकडेवारीने दाखवलं, पण आमच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकाला ते त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मधल्या बाकावरून उठवलेला माणूस जातो कुठं? पहिल्या बाकावर त्याला जागा नसते, तो शेवटच्या बाकावर येऊन दाटीवाटीने बसतो. तिथं आधीच गर्दी. मग तिथली मजुरी वाढत नाही. शेवटच्या बाकावरच्याचं काम यंत्राने घेतलं नाही तरी त्याचा भाव पाडला, तो असा.

माझा एक विद्यार्थी आयटीआय करून टर्नर झाला. लेथवर त्याचा हात असा बसला होता, की धातूच्या आवाजावरून हत्यार बोथट झालं हे तो सांगायचा. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली. प्रोग्रॅम लिहायला डिप्लोमावाला पोरगा आला, माल लावायला-काढायला ठेकेदाराचा हेल्पर आला. लेथचा कान असलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये जागा उरली नाही. त्याचं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं. पुढं तो एका सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी झाला. तो कमी शिकला होता असं कोण म्हणेल? शिकवायला मी होते, मला माहीत आहे.

आता व्यापाराकडे येते. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, त्यात स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या दोघांचा १९४१ चा सिद्धांत असे. त्याचा मथितार्थ असा, की देशात ज्या प्रकारचे हात मुबलक आहेत, खुल्या व्यापाराने त्या हातांचा भाव वाढतो. आपल्याकडे साधे मजूर मुबलक. म्हणजे १९९१ नंतर दारं उघडली तेव्हा शेवटच्या बाकाचं भलं व्हायला हवं होतं आणि शिकलेल्या-न शिकलेल्यांच्या पगारातलं अंतर कमी व्हायला हवं होतं. झालं उलटं. १९९० च्या दशकात ते अंतर वाढलं. कारण दारातून नुसता माल आला नाही, मालाबरोबर यंत्रंही आली, आणि यंत्राला पहिल्या बाकावरचा माणूस लागतो.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहा. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. आपल्या कित्येक घरांतला पहिला रंगीत टीव्ही त्या नावाचा. २००४ साली भारताने थायलंडशी करार केला आणि ८२ वस्तूंवरची आयात-जकात दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायची ठरली. त्यात रंगीत टीव्ही आणि त्याच्या चित्रनळ्याही होत्या. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा परदेशातल्या कारखान्यांसकट विकत घेतला. नेमका तेव्हाच जगात पातळ पडद्याचा टीव्ही येत होता. पाठीवर कुबड असलेला टीव्ही काही वर्षांत भंगारात गेला. पुढं मोबाईल फोनच्या धंद्यातले परवाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्द झाले, कर्जाचा डोंगर झाला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सगळा दोष व्यापाराला किंवा तंत्राला देणं बरोबर होणार नाही, मालकांचे निर्णयही त्यात आहेत. पण बघा, करार दिल्लीत झाला, पातळ पडदा परदेशात निघाला, कर्ज मुंबईत काढलं गेलं. यांतल्या एकाही ठिकाणी चितेगावच्या जुळणीपट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. आणि उपदेश मात्र त्यालाच, नवीन कौशल्य शिक!

आता दुसरी बाजू. ती टाळली तर हे लिखाण एकांगी होईल. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि हे शहर बदललं. ज्या घरांत शाळेची फी भरायची मारामार होती, त्या घरांतली मुलं कामाला लागली, बजाजनगरात घरं बांधली, बहिणींची लग्नं केली, स्वतःच्या मुलांना इंजिनिअर केलं. यंत्रमागाच्या स्वस्त कापडामुळे गरिबाच्या अंगावर दुसरा जोड आला. माझ्या लहानपणी वर्गात एकाच फ्रॉकवर वर्ष काढणाऱ्या मुली होत्या. यंत्र नको, व्यापार नको, असं म्हणायला मी मुळीच बसलेली नाही.

माझा मुद्दा असा, की ज्यांचा फायदा झाला ती माणसं वेगळी आणि ज्यांचं नुकसान झालं ती वेगळी. वाळूजला लागलेला पोरगा हिमरू विणणाऱ्याचा मुलगा असेलच असं नाही, आणि असला तरी बापाचं मधलं आयुष्य त्याने भरून निघत नाही. सरासरी काढली की दोघं एकत्र होतात आणि सगळं छान दिसतं. पाचवीच्या मुलांना मी सांगायची, एकाने दहा लाडू खाल्ले आणि एक उपाशी राहिला, तर सरासरी पाच लाडू येते. पण उपाशी माणूस सरासरीने जेवत नाही.

अर्थतज्ज्ञांना हे माहीत नाही असं नाही. १९३९ साली काल्डॉर आणि हिक्स यांनी यावर तोडगा मांडला, आमच्या पुस्तकात त्याला भरपाई तत्त्व म्हणत. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा होतो त्यांना नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही काही उरत असेल, तर तो बदल चांगला. वाचायला अगदी न्याय्य वाटतं. मेख पुढं आहे. भरपाई करता येण्याजोगी असली म्हणजे पुरे, ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असं ते तत्त्व म्हणत नाही! म्हणजे मी शेजारणीची कढई फोडली आणि नवीन घेऊन देण्याइतके पैसे माझ्या बटव्यात आहेत, तेवढ्यावर हिशेब मिटला. शेजारीण काय म्हणेल?

जमिनीच्या बाबतीत आपण असा हिशेब करत नाही. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी घेतल्या, तेव्हा शेतकऱ्यांशी दराची बोलणी झाली, आंदोलनं झाली, पैसे दिले गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला देता येतो. तो योग्यच आहे, जमीन म्हणजे पिढ्यांची कमाई. पण अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवलं आहे, की गरिबाची वडिलोपार्जित संपत्ती त्याच्या हातांच्या बळात आणि कसबात असते. ज्याच्याकडे सात-बारा आहे त्याला मोबदला. ज्याचा सात-बारा त्याच्या बोटांत आहे, त्याला काही नाही.

"कामगारांना कपातीची भरपाई असतेच की!" असं कुणी म्हणेल. असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचं सरासरी वेतन मिळायचं. वीस वर्षं काम केलेल्याचा हिशेब मांडा. ३०० दिवस झाले. वीस वर्षांचं कसब गेलं आणि हातात वर्षभराचाही पगार नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हेच प्रमाण ठेवलं आहे. वर पुनर्कौशल्य निधीसाठी मालकाने कामगारामागे आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरायचं. म्हणजे पंधरा दिवसांच्या पगारात माणसाने नवा हुन्नर शिकायचा! आणि हेही कुणाला, तर ज्याची सलग नोकरी कागदावर आहे त्याला. ठेकेदार बदलला की ज्याची नोकरी नव्याने सुरू होते, त्याला यातलं काय मिळणार? घरी माग टाकून बसलेल्या विणकराला तर मालकच नाही.

सरकारी योजना आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, तीन लाखांपर्यंत कर्ज. चांगलं आहे. पण त्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, सोनार आहे, न्हावी आहे, विणकर नाही. विणकरांसाठी वेगळं खातं आहे असं उत्तर मिळेल, आणि तसं ते आहेही. मात्र ज्याचं गिऱ्हाईकच गेलं त्याला कर्ज देऊन काय होणार? कर्ज फेडावं लागतं.

"पैठणी टिकली की!" हा आणखी एक आक्षेप. टिकली, आणि मला आनंद आहे. पण येवल्याचा विणकर हिमरूवाल्यापेक्षा जास्त हुशार म्हणून ती टिकली नाही. मुलीच्या लग्नात पैठणी हवीच, असं मराठी मध्यमवर्गाने ठरवलं म्हणून टिकली. गिऱ्हाईक राहिलं. शेरवानीचं गिऱ्हाईक गेलं. आणि आता बाजारात 'सेमी पैठणी' नावाने यंत्रमागाचा माल ढिगाने आहे. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, त्यात सुरुवातीला २२ वस्तू होत्या, त्या पुढं ११ वर आल्या. हुन्नर राखायचा की नाही हे विणकराच्या हातात कमी आणि इतरांच्या हातात जास्त असतं.

मग करायचं काय? परदेशाकडे बघायचं तर अमेरिकेने १९६२ साली, केनेडींच्या काळात, आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांना पैसे आणि प्रशिक्षण देणारी योजना केली. पुष्कळ अपुरी होती, २०२२ मध्ये तिची मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही. पण आपल्याला इतक्या लांब जायची गरजच नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली. त्यातून रोजगार हमी योजनेला बळ मिळालं आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. २००५ मध्ये तोच धडा देशाने घेतला. या योजनेसाठी पैसा कुठून आणला ते आजच्या पोरांना माहीत नसतं. १९७५ साली व्यवसाय कर आला, तो यासाठी. माझ्या पगारातून दर महिन्याला तो कापला जाई. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. भरपाई करता येण्याजोगी असते एवढंच म्हणून महाराष्ट्र थांबला नाही. त्याने ती केली.

फक्त एक राहून गेलं. हमी दिली ती अकुशल कामाची. उस्तादाच्या हातातला धोटा गेला तर राज्य त्याला कुदळ देऊ शकत होतं, आणि कुदळ धरणाऱ्याच्या मजुरीत त्याच्या कसबाचा एक पैसा धरला जात नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. व्यापाराचा करार करताना, जकात उतरवताना, कारखान्याला सवलतीची जमीन देताना, होणाऱ्या फायद्यातला काही हिस्सा कायद्याने बाजूला काढा. ज्यांचं कसब त्यामुळे निकामी होतं त्यांना तो वयाच्या आणि कामाच्या वर्षांच्या हिशेबाने रोख द्या, प्रमाणपत्राच्या रूपात नको. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पंचविशीतल्या पोराबरोबर रांगेत उभं करू नका. ठेक्यावरच्या आणि घरी काम करणाऱ्यांना आधी मोजा. प्रशिक्षण द्यायचं असेल तर ते चालू असताना घर चालेल एवढे पैसे द्या. भुकेल्या पोटी शिकता येत नाही, हे शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हाच आपण मान्य केलं आहे.

आणि पहिल्या बाकावरच्या वाचकांना शेवटचं. नोव्हेंबर २०२२ पासून संगणक लिहायलाही लागला आहे. भाषांतर, हिशेब, नोटिशीचा मसुदा, प्रोग्रॅम, सगळं तो करू पाहतो. म्हणजे तुमचंही काम नियमांत लिहून द्यायची तयारी चालू आहे. उद्या तुम्हाला कुणी 'नवीन कौशल्यं शिका' म्हणालं तर तुम्ही रागावाल, आणि तो राग रास्त असेल. पण भरपाईचा कायदा तेव्हा मागून मिळायचा नाही, तो आत्ताच मागायला हवा, विणकरासाठी आणि टर्नरसाठी मागायला हवा. त्यांच्यासाठी झालेला कायदाच तुमच्या कामी येईल.